विसरलेले आणि विसरायला लावलेले

यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंदमापी लोहमार्गावरून धावणारी गाडी साऱ्या वऱ्हाडात 'शकुंतला' या नावाने ओळखली जाई. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तेथून मँचेस्टरकडे नेण्यासाठी ब्रिटिश अमदानीत हा मार्ग घातला गेला. स्वातंत्र्यानंतर देशातील बहुतेक सारे लोहमार्ग सरकारच्या मालकीचे झाले. हा मार्ग मात्र खासगी कंपनीच्या नावावर तसाच राहिला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होते. पुढे डिझेलचे इंजिन आले आणि अलीकडच्या वर्षांत गाडीच थांबली. राहिले ते नाव. आणि ते नाव भारतीय साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध अशा एका विसरल्या गेलेल्या स्त्रीचे आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

शकुंतलेची कथा मुळात महाभारताच्या आदिपर्वातील. तेथे दुष्यंताला कसलाही विसर पडत नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात उभी राहते, राजा तिला ओळखतो, सारे आठवत असताना ओळख नाकारतो आणि वर तिलाच कठोर शब्द सुनावतो. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा तो मान्य करतो, आणि लोकांच्या मनात संशय राहू नये म्हणून आपण असे वागलो अशी सफाई देतो. कालिदासाने या कथेत दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, माशाच्या पोटातून ती अंगठी काढणारा कोळी आणला. काव्य म्हणून हा बदल किती समर्थ ठरला हे सांगावयास नको; पंधरा शतकांहून अधिक काळ रसिक त्याची साक्ष देत आले आहेत. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर एका प्रतिष्ठित पुरुषाने केलेल्या नाकबुलीचे रूपांतर त्याला जडलेल्या व्याधीत झाले. अन्याय राजाच्या माथ्यावरून उतरून एका कोपिष्ट ऋषीच्या माथी गेला. ज्याला आठवतच नाही, त्याला दोष कसा द्यावयाचा?

मराठी संगीत रंगभूमीचा पाया याच कथेने घातला गेला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला, तो पहिल्या चार अंकांचा. चौथ्या अंकात शाप आहे, कण्वाच्या आश्रमातून होणारी पाठवणी आहे. भर दरबारातील नकार पाचव्यात येतो. म्हणजे त्या रात्री प्रेक्षक शापाची हकीकत आणि पाठवणीचे अश्रू घेऊन घरी परतले. नकार पाहावयाचा राहिला. पुढील शंभर वर्षे मराठी मध्यमवर्गाने आपल्या घरातील गोष्टींच्या बाबतीत नेमके हेच केले, असे एखाद्या खवट टीकाकाराने म्हटले तर त्याच्यावर फार रागावता येणार नाही.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, स्मृतिभ्रंश आणि घरातील गुपिते यांवर रचलेल्या मानसशास्त्रीय रहस्यकादंबऱ्या आज तरुण वाचकांत विलक्षण लोकप्रिय आहेत. त्यांचा साचा एव्हाना ठरून गेला आहे. रुग्णालयातील खाटेवर एक स्त्री शुद्धीवर येते. तिला मागचे काही आठवत नाही. शेजारी बसलेला पुरुष आपण तिचा नवरा असल्याचे सांगतो. घरी एक खोली बंद असते, एका छायाचित्रातील चेहरा कापलेला असतो, आणि नणंद किंवा सासू काहीतरी बोलता बोलता थांबते. एस. जे. वॉटसन यांच्या 'बिफोर आय गो टू स्लीप' या २०११ मधील कादंबरीत नायिका रोज रात्री झोपते आणि सकाळी सारे विसरून उठते. लपवून ठेवलेली रोजनिशी हाच तिचा एकमेव आधार. वाचक तिच्याबरोबर रोज नव्याने घाबरतो. या पुस्तकांना हलके म्हणून नाक मुरडण्याचे काही कारण नाही. बसथांब्यावर किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री वाचकाला जागेवर खिळवून ठेवणे ही साधी कामगिरी नव्हे, आणि ज्यांना ती जमत नाही असेच लेखक तिला सर्वांत जास्त हसतात.

वैद्यकशास्त्राशी मात्र या कादंबऱ्यांचे नाते फार सैल आहे. डोक्याला मार लागला आणि माणूस आपले नावगाव विसरला, असे प्रत्यक्षात क्वचितच घडते. दुखापतीनंतर बहुधा अपघाताच्या आसपासचा काळ पुसला जातो, किंवा नव्या आठवणी साठवण्याची शक्ती मंदावते. आपण कोण, आपली आई कोण, हे सहसा शाबूत राहते. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बव्हंशी काढून टाकण्यात आला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला नवे काही लक्षात ठेवता आले नाही. नुकतीच भेटून गेलेली व्यक्ती त्याला दर वेळी नवखी वाटे. तरीही आपले नाव, आपले बालपण आणि आपले आईवडील तो विसरला नव्हता. दुसरा तडाखा बसताच पहिल्या तडाख्याने गेलेली स्मृती परत येणे, ही तर निव्वळ चित्रपटांची देणगी आहे. थोडक्यात, कादंबरीतील स्मृतिभ्रंश हा रुग्णालयातला नव्हे, आश्रमातला. दुर्वासाचा शापच तो. फक्त आता तो मेंदूच्या छायाचित्राची गुंडाळी हातात घेऊन येतो.

या प्रकारातील एक जुनी आणि थोर कादंबरी मात्र निराळ्या वाटेने गेली होती, आणि ती हिंदुस्थानशी जोडलेली आहे. विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' १८६८ साली प्रसिद्ध झाली. सोमनाथाच्या मूर्तीवरचा म्हणून सांगितलेला एक पिवळा हिरा, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा एका इंग्रज अधिकाऱ्याने खून करून लुटलेला, इंग्लंडातील एका सुखवस्तू घरात भाचीला वाढदिवसाची भेट म्हणून पोचतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. जो तरुण चोराचा शोध घेण्यासाठी सर्वांत अधिक धडपडतो, त्यानेच तो हिरा उचललेला असतो. पण त्याला त्याची कल्पना नसते, कारण डॉक्टरने गमतीखातर त्याला नकळत अफू पाजलेली असते. पुढे तो डॉक्टर स्वतः तापाने आजारी पडून आपले कृत्य विसरतो. त्याच्या वाताच्या भरातील तुटक शब्द त्याचा सहायक टिपून ठेवतो आणि त्या तुकड्यांवरून सत्याची जुळवाजुळव करतो. वरवर हे कोडे बुद्धीला खाद्य देणारे. जरा थांबून पाहिले तर असे दिसते की, त्या घरातील एका तरुणाची एका रात्रीची आठवण हरवली म्हणून सारी पात्रे व्याकुळ आहेत. पण हिरा मुळात लुटीचा आहे, ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट विसरण्यासाठी मात्र त्या घरातील कोणालाही अफूची गरज भासलेली नाही. ती सर्वांना ठाऊक आहे आणि ती कोणी काढत नाही. कॉलिन्स यांनी हे ठसठशीतपणे बोलून दाखविले नाही. परंतु कादंबरीच्या शेवटी हिरा इंग्लंडात राहत नाही, हिंदुस्थानातील देवळात परत जातो; लेखकाचे मन कोठे होते ते त्यावरून कळते.

विसाव्या शतकात या प्रकाराला आणखी एक वळण मिळाले. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ मधील 'गॅस लाइट' या नाटकात पत्नी काहीच विसरलेली नाही. वस्तू नवरा हलवतो आणि तूच विसरलीस असे तिला पटवीत राहतो, इतके की तिचा स्वतःच्या मनावरचा विश्वास उडतो. पॉला हॉकिन्स यांच्या 'द गर्ल ऑन द ट्रेन' या २०१५ मधील कादंबरीतील नायिकेला मद्यामुळे काही रात्रींची आठवण नसते. त्या रिकाम्या जागा तिचा पूर्वीचा पती आपल्या सोयीच्या हकिकतींनी भरून टाकतो, आणि न केलेल्या गोष्टींची शरम ती वर्षानुवर्षे बाळगत राहते. येथे हा साहित्यप्रकार खऱ्या अर्थाने वयात येतो. माणूस काय विसरला, एवढाच प्रश्न आता उरत नाही. त्याच्या वतीने कोण आठवते आहे, आणि त्यात त्याचा लाभ कोणता, असे प्रश्न पुढे येतात.

मराठीत रहस्यकथेची परंपरा दुबळी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. गावोगावच्या वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांची पाने हाताळून मऊ झालेली असत. नारायण धारपांनी भयकथा रुजविली. रत्नाकर मतकरींनी गूढकथेला प्रतिष्ठा दिली आणि भीतीचे ठिकाण स्मशानातून काढून चाळीतल्या खोलीत, नवराबायकोच्या संवादात आणले. पण कुटुंबाच्या गुपितावर आणि मनाच्या ढासळण्यावर मराठीत जे सर्वांत टोकदार लिहिले गेले, ते बहुधा रहस्यकथा या नावाखाली आलेच नाही. जयवंत दळवी यांच्या 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून त्यांनीच लिहिलेले 'बॅरिस्टर' हे नाटक १९७७ साली रंगभूमीवर आले. कोकणातील एका मोठ्या घरातील सुशिक्षित, विलायतेहून आलेला पुरुष, आणि घराण्यात पिढीजात वेड आहे ही त्याची धास्ती. गुपित आहे, पण ते प्रेक्षकांपासून लपविलेले नाही; कथेतील माणसांनाही ते ठाऊक आहे. ताण आहे तो त्यांनी त्याबद्दल कितपत बोलावे याचा. पाश्चात्त्य कादंबरीतील बंद खोली शेवटच्या प्रकरणात उघडते. आपल्याकडे ती पहिल्यापासून उघडीच असते. घरातली माणसे तिच्यासमोरून जाताना मान वळवून जातात, इतकेच.

या मान वळविण्याचे सर्वांत सूक्ष्म चित्रण ज्याने केले, तो लेखक यवतमाळ जिल्ह्याचा आहे. महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली या जिल्ह्यातील पारवा या गावी झाला. पुढे नागपुरात इंग्रजीचे अध्यापन करीत असताना, विजया मेहता यांनी बसविलेला विजय तेंडुलकरांच्या 'मी जिंकलो! मी हरलो!' या नाटकाचा प्रयोग त्यांनी पाहिला आणि ते नाट्यलेखनाकडे वळले. 'वाडा चिरेबंदी' हे त्यांचे नाटक १९८५ मध्ये विजया मेहता यांच्याच दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. त्याला जोडून 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाटके लिहिली गेली, आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ही नाट्यत्रयी एकत्र सादर केली. या नाटकांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सरंजामी व्यवस्थेचा अस्त, एकत्र कुटुंबाची पडझड, शहर आणि खेडे यांतील दरी, ही सारी वर्णने यथार्थ आहेत आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती लिहून गुणही मिळतात. परंतु रहस्याच्या दृष्टीने हे नाटक पाहिले, तर वेगळेच काही दिसते.

विदर्भातील धरणगाव नावाच्या गावी देशपांडे घराण्याचे कर्ते पुरुष तात्याजी वारले आहेत. मुंबईत राहणारा मुलगा सुधीर पत्नीसह आला आहे. थोरला भास्कर घर सांभाळतो. धाकटा चंदू शिकला नाही, लग्न झाले नाही, तो गड्यासारखा राबतो. प्रभा ही मुलगी शिकावयास निघाली होती, तिला बाहेरगावी जाऊ दिले नाही; आता तीही घरातच आहे. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तेरवी थाटात झाली पाहिजे, आणि त्यासाठी पैसा नाही. या साऱ्यांच्या मागे, घराच्या आतल्या बाजूला, दादी आहे. मृत कर्त्या पुरुषाची ती आई. वयाने तिचे भान सुटले आहे. आपला मुलगा गेला हे तिच्यापर्यंत पोचलेले नाही. ती त्याची आठवण काढते आणि पुन्हा पुन्हा वेळ विचारते.

साऱ्या नाटकात स्मृती खरोखर गेलेली अशी व्यक्ती एकच आहे, आणि ती निरुपद्रवी आहे. तिच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते ज्यांना सगळे आठवते त्यांच्यामुळे. प्रभाचे शिक्षण कोणी थांबविले हे घरातील प्रत्येकाला ठाऊक आहे. चंदूच्या वाट्याला घराण्याचे नाव आले नाही, घराण्याचे काम तेवढे आले, हेही ठाऊक आहे. दागिन्यांचा डबा कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न दु:खाच्या दिवसांतही हवेत तरंगत असतो. पुढे भास्करची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर दागिने घेऊन पळून जाते, आणि घराची पहिली धडपड ही गोष्ट गावात फुटू नये अशी असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण वऱ्हाडातल्या वाड्यांसाठीच जन्माला आली असावी असे वाटते. मूठ उघडली तर आत काही नसते, हे सर्व जाणतात. तरी ती झाकलेलीच असावी लागते.

दादीचे विसरणे नैसर्गिक आहे. बाकीच्यांचे विसरणे हा कुटुंबाचा न लिहिलेला ठराव आहे. त्यावर सर्वांच्या सह्या असतात, आणि त्याची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजलेली नसते. सुधीरला विसरणे परवडते, कारण मुंबईत त्याची नोकरी आहे. भास्करला ते फायद्याचे आहे. प्रभा आणि चंदू यांच्यापाशी आठवण सोडून दुसरे काही नाही, आणि नेमकी तीच त्यांनी काढू नये अशी अपेक्षा आहे. बाई चिडखोर झाली, पोरगा मुका झाला, असे मग शेजारीपाजारी म्हणतात. स्मृतिभ्रंशाच्या कादंबरीतील नायिकेला वेड ठरविण्यासाठी खलपुरुषाला औषधाच्या गोळ्या बदलाव्या लागतात. आपल्या घरांत एवढा खटाटोप करावा लागत नाही. 'जुने उकरून काय मिळणार आहे' हे एक वाक्य पुरते.

एलकुंचवारांचे 'आत्मकथा' हे १९८८ मधील नाटक याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. राजाध्यक्ष हा नामवंत वृद्ध लेखक आपले आत्मचरित्र प्रज्ञा या तरुण संशोधक मुलीला सांगत आहे. पत्नी उत्तरा आणि तिची बहीण वासंती यांच्याशी गुंतलेला त्याचा भूतकाळ त्याने पूर्वी कादंबरीतही वापरलेला आहे. आता तीच घटना प्रत्येकाच्या तोंडून येते, तेव्हा दर वेळी ती निराळी असते, आणि खोटे बोलणारा असा कोणीच सापडत नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली हेच प्रयोगाने दाखविले होते. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक अपरिचित कथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळानंतर ती पुन्हा सांगावयास लावली. सांगणाऱ्यांनी न समजलेले भाग गाळले, सीलची शिकार होती तेथे साधी मासेमारी आणली, आणि आपण मूळ कथाच सांगत आहोत अशी त्यांची खात्री होती. आठवण म्हणजे कपाटातून काढलेली वस्तू नव्हे, दर वेळी नव्याने केलेली रचना होय, हा त्यांचा निष्कर्ष आज सर्वमान्य आहे. राजाध्यक्षाने वेगळे काय केले? त्याच्या हाती लेखणी होती म्हणून त्याची रचना छापली गेली. त्या दोघी बहिणींची छापली गेली नाही.

मग कोणाच्या आठवणीवर विश्वास ठेवावयाचा? इंग्रज कादंबरीकार येथे डॉक्टरला किंवा गुप्त पोलिसाला बोलावतो. यवतमाळ जिल्ह्यात असल्या कथेचा खरा शोध तलाठ्याच्या दप्तरात लागेल. गाव नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. कोण कधी मेला, वारस म्हणून कोणाची नावे लागली, कोणाची लागली नाहीत, कोणत्या बहिणीने कधी हक्क सोडला, हे सारे तेथे तारीखवार असते. घरात आत्याचे नाव चाळीस वर्षांत कोणी काढलेले नसते. फेरफारात ती एका ओळीपुरती हजर असते. विदर्भात जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणारी कोतवालाची वही होती. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १९५०, भटक्या विमुक्तांच्या १९६१ आणि इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा शिकलेली मुले त्या वह्यांच्या नकला काढावयास जातात. पणजोबांचे नाव शोधता शोधता कोणाला ठाऊक नसलेला एखादा भाऊ, लहानपणी गेलेली एखादी मुलगी, किंवा दोन आज्या सापडतात. शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीनेही पुष्कळ घरांची झोप उडविलेली आहे. त्या वहीवरून नकला काढून देणाऱ्या कारकुनाला याची कल्पना असते. तो काही बोलत नाही, हा त्याच्या नोकरीचा भाग.

दप्तर खरे बोलते असेही मानून चालणार नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी कागदावर वाटण्या झाल्या. ज्यांना घरात कधी विचारले नव्हते अशांच्या नावांवर एकाएकी शेते चढली. ज्या मुलीला पुस्तकासाठी पैसे मिळाले नव्हते, ती सातबारावर काही एकरांची मालकीण झाली, आणि हे तिला कोणी सांगितले नाही. म्हणजे येथे कागदालाही आठवायचे काय आणि विसरायचे काय, हे शिकविले गेले आहे. रहस्यकादंबरीकाराला याहून चांगला अविश्वसनीय निवेदक कोठे मिळणार? घर म्हणते मुलीला काही नाही. कागद म्हणतो आहे. आणि दोघेही आपापल्या कारणासाठी खोटे बोलत आहेत.

कायदा मात्र बदलत गेला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध सहहिस्सेदार केले. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो हक्क विवाहित मुलींनाही मिळाला, आणि त्या दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. या प्रत्येक पावलाबरोबर वाड्यांतील एका जुन्या कागदाचा वापर वाढला. तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. रक्षाबंधनाला ओवाळणी, दिवाळीला साडीचोळी आणि एका दुपारी तालुक्याच्या ठिकाणी सही, असा हा क्रम असतो. सही केली नाही तर माहेर तुटते, हे कोणी लिहून देत नाही. ते आपोआप समजते. सही झाल्यावर वर्षभरात घरात कोणी त्या गोष्टीची वाच्यता करीत नाही. आणखी दहा वर्षांनी 'तिने स्वखुशीने सोडले' ही घराण्याची आठवण बनते, आणि बार्टलेट यांच्या वाचकांप्रमाणेच ती सांगणाऱ्यांना आपण खरे सांगतो असे मनापासून वाटत असते.

१९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरले. दुसऱ्या संमेलनाच्या वेळी नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचे दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. बोलावलेल्या लेखिकेला येऊ नका म्हणावयाचे आणि नंतर मंडप सजवावयाचा, हेही एका परीने वाड्याचेच वागणे झाले. परंतु तो विषय निराळा. येथे एवढेच नोंदवावयाचे की, ज्या जिल्ह्याने 'वाडा चिरेबंदी'च्या लेखकाला जन्म दिला, त्या जिल्ह्यातील दप्तरखान्यांत अजून न लिहिलेल्या किती तरी रहस्यकादंबऱ्या गाठोड्यांत बांधून पडल्या आहेत. त्यांच्यासाठी लंडनच्या उपनगरातील रुग्णालय आणावयास नको, संमोहन करणारा डॉक्टर नको, डोक्यावर पडणारे झुंबरही नको.

अशा कादंबरीचे पहिले प्रकरण कोणीही लिहू शकेल. घाटंजीच्या किंवा दारव्ह्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर अर्जनवीस टेबल मांडून बसला आहे. दुपारची बस येते. पन्नाशीची एक स्त्री उतरते. सकाळी निघताना तिने घरी फक्त भावाकडे जाते असे सांगितले आहे. भाऊ पुढे येतो, चहा मागवतो, प्रवास बरा झाला ना म्हणून विचारतो. कागद तयारच असतात. कोठे सही करावयाची त्या जागांवर पेन्सिलीने फुल्या केलेल्या असतात. ती पिशवीतून चष्मा काढते, पदराने पुसते, डोळ्यांवर चढविते आणि कागद पहिल्या पानापासून वाचावयास लागते. अर्जनवीस भावाकडे पाहतो.